प्रतिसाद: हरवल्याची नोंद चोरीला चालत नाही

'घरफोडीत कागदपत्रं गेली तर पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करा, काम भागतं' असं वर लिहिलंय. कृपया तसं करू नका. ती सोय गहाळ वस्तूंसाठी आहे. चोरीला एफआयआरच हवा, विमावालेही तोच मागतात. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेऊनच ठाण्यातून निघा.

खरी गोची पुढेच होते. फिर्यादीत दागिने ग्रॅमवारी येतात आणि कागदांची बोळवण 'इतर महत्त्वाची कागदपत्रे' एवढ्यावर होते. मग सोसायटी शेअर सर्टिफिकेटची दुय्यम प्रत देताना अडून बसते, कारण त्याचा उल्लेखच नसतो. प्रत्येक कागद नाव-नंबरासकट लिहून घ्या. उशिरा लक्षात आलेला पुरवणी जबाबात घालता येतो. खरेदीखताचा दस्त क्रमांक आठवत नसेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढा, त्यावर क्रमांक, तारीख, दुय्यम निबंधक कार्यालय सगळं असतं. त्यावरून प्रमाणित नक्कल मिळते. चेकबुकाचं स्टॉप पेमेंट आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक (म्हणजे तुमचे बोटांचे ठसे वापरता येत नाहीत) मात्र त्याच दिवशी. आणि पासपोर्ट चोरीला गेल्याचं एकदा कळवलं की तो रद्द होतो. नंतर माळ्यावर सापडला तरी वापरता येत नाही, म्हणून आधी घर नीट शोधा.