९० किमी सायकल टप्प्यासाठी मेकॅनिक सपोर्ट: व्हॅनमध्ये काय ठेवावं?

पंक्चरपेटी:
ट्रायथलॉनचा ९० किमीचा टप्पा आहे, ३० किमीच्या तीन फेऱ्या, एका टोकाला यू-टर्न. स्पर्धक अडीचशे. आमच्याकडे एक व्हॅन, दोन मोटरसायकली, चार मेकॅनिक. व्हॅन मागून फिरवायची की एका जागी उभी करायची? टूर द फ्रान्सच्या गाड्यांसारखा टपावर चाकांचा रॅक करून घ्यायचा विचार आहे.

घाटवाला:
रॅकचा खर्च वाचवा, एकच चाक सगळ्यांना बसत नाही. तुमच्याकडे एकाची सायकल रिम ब्रेकची, मागे १३० मिमी रुंदीचा हब, क्विक रिलीजचा (खटका उघडला की चाक सुटतं). दुसऱ्याची डिस्क ब्रेकची, १२×१४२ थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा, आट्यांनी बसणारा दांडा). कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) कुणाची ११ ची, कुणाची १२ ची, त्यात रोटर (डिस्क ब्रेकची तबकडी) १४० मिमी की १६०. चाक बसलं तरी रोटर पॅडला घासू शकतो, कारण हब बदलला की रोटरची जागा किंचित सरकते. पुढची दोन, मागची दोन चाकं ठेवा, बाकी पैसा ट्यूबमध्ये घाला.

७००×२५-३२ मापाच्या, प्रेस्टा म्हणजे बारीक लांब व्हॉल्वच्या ट्यूब चाळीसेक, त्यातल्या निम्म्या ८० मिमी व्हॉल्वच्या. ट्रायथलॉनमध्ये डीप (खोल) रिमच जास्त, तिथे ४८ मिमीचा व्हॉल्व बाहेर डोकावतही नाही. मागे डिस्क व्हील (स्पोकऐवजी बंद तबकडीचं चाक) असेल तर साध्या पंपाचं तोंड आत शिरत नाही, वाकडं अडॅप्टर लागतं. हे हमखास विसरतं. चेनचे क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या) १०, ११, १२ स्पीडचे वेगवेगळे. टायरच्या चिरेला आतून लावायला जुन्या टायरचे तुकडे कापून ठेवा.

काटातार:
ट्यूब बदलली आणि पाच किमीवर पुन्हा हवा गेली, तर बहुतेक वेळा आधीचं कारण टायरमध्येच राहिलेलं असतं. आपल्या हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरची केसासारखी तार पडलेली असते. डोळ्यांना दिसत नाही. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा. मग ट्यूबचं भोक व्हॉल्वपासून जितकं लांब, तितक्याच अंतरावर टायर आतून तपासा. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. तंतू जिथे अडकेल तिथे तार. बारीक चिमट्याने ओढा.

डिस्क ब्रेकवाल्याचं चाक बाहेर असताना त्याला ब्रेक लिव्हर दाबू देऊ नका. घाईत दाबतातच! पॅड जवळ आले तर चपट्या टायर लिव्हरने हळू मागे ढकला.

पंक्चरपेटी:
आणि व्हॅन? शिवाय इलेक्ट्रॉनिक गिअर बंद पडले तर?

घाटवाला:
व्हॅन यू-टर्नला. तिथे सगळे वेग कमी करतात आणि प्रत्येक जण तीनदा समोरून जातो. मागून फिरवलीत तर शेवटच्या स्पर्धकाच्या मागे अडकून पडाल. मोटरसायकली उरलेल्या रस्त्यावर, एकमेकींच्या उलट दिशेने. प्रत्येकीवर ट्यूब, हवा भरायची CO2 काडतुसं, ४-५-६ मिमीची अ‍ॅलन की, टी२५ (चांदणी तोंडाची) की आणि चेन ब्रेकर.

मदत फक्त आयोजकांच्या मेकॅनिकने करायची, मित्राने हातभार लावला तर स्पर्धक अडचणीत येतो. डेक्कन क्लिफहँगरसारख्या (पुणे ते गोवा) लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्वतःची क्रू गाडी असते, तो हिशेब इथे लावू नका.

काटातार:
स्रॅम एएक्सएसमध्ये मागची बॅटरी संपली तर पुढच्या डिरेलरची (चेन सरकवणाऱ्या यंत्रणेची) काढून मागे लावा, दोन्ही सारख्याच असतात. शिमानो डीआयटूची सायकल पडल्यानंतर गिअर बदलत नसेल तर आधी प्रोटेक्शन रीसेट करा (धक्क्याने डिरेलर मोटरपासून सुटतो, तो पुन्हा जोडणं). पण सायकल उजवीकडे पडली असेल तर त्याआधी हँगर (मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) बघा. तो आत वाकलेला असताना सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं की डिरेलर थेट स्पोकमध्ये. रस्त्यात हँगर सरळ करत बसू नका. मेकॅनिकल (केबलचा) गिअर असेल तर डिरेलरवरचा एल स्क्रू (आतली हद्द ठरवणारा) आवळून ती चकतीच बंद करा आणि स्पर्धकाला तसं सांगून सोडा.