तुमच्या घरात पैशांचं कोण बघतं?

लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघंही नोकरी करतो, आणि परवा पुन्हा भांडण झालं ते गिझर दुरुस्तीचे 1,800 कोणी दिले यावरून. आमच्यात ईएमआय माझ्या खात्यातून जातो, किराणा-भाजी-शाळेची फी तिच्या. महिनाअखेरीस तिच्याकडे काही उरत नाही आणि घर मात्र 'मी घेतलेलं', असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर चूक नाहीये. तुम्ही काय करता? सल्ले नकोत, काय केलं आणि काय फसलं ते लिहा.

*

आम्ही दोघं पगाराच्या 40-40 टक्के जॉइंट खात्यात टाकतो, घरचं सगळं तिथून. उरलेल्याचा हिशोब कोणी विचारायचा नाही असं ठरलंय. मी 38 हजारांची सायकल घेतली तेव्हा मात्र विचारला गेला :)

*

मी झेडपीची शिक्षिका, हे शेती बघतात, ऊस. माझा पगार महिन्याला, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीने, कधी दोन हप्ते कधी तीन, म्हणून घर माझ्या पगारावर चालतं आणि बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज, कारण पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, तारीख चुकली की सवलत गेली. पहिली चार-पाच वर्षं माझी पगार स्लिप सगळ्यांना पाठ आणि बिलाचा आकडा फक्त सासऱ्यांना माहीत. मग एका वर्षी ठिबकसाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवायची वेळ आली. म्हटलं, देते, पण आजपासून कारखान्याच्या पावत्या माझ्या ड्रॉवरमध्ये. पाटल्या सुटायला दोन हंगाम गेले. पावत्या अजून तिथेच येतात.

*

8 नोव्हेंबर 2016. रात्री बातम्या चालू असताना बायको रडवेली होऊन साबुदाण्याचा डबा घेऊन आली. साबुदाण्याखाली पिशवीत पाचशेच्या नोटा, 31 हजार. मग साडीच्या घडीतून आणखी नऊ. भिशीचे. मला आधी हसू आलं, मग राग, कारण त्याच वर्षी मी मित्राकडून 25 हजार उसने घेतले होते आणि हे तिला माहीत होतं. तर म्हणे, "तुम्हाला दिले असते तर आज उरले असते का?" आता यावर काय बोलणार. बँकेच्या रांगेत दोघं उभे होतो, अबोला धरून.

*

टॅक्स वाचवायला बायकोच्या नावाने एफडी केली, सीए हसला. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पीपीएफ मात्र दोघांचं वेगवेगळं, प्रत्येकी दीड लाखाची मर्यादा, ते चालू ठेवलंय.

*

जरा वेगळं लिहिते. 2021 च्या एप्रिलमध्ये हे गेले, कोविड. पैशांचं सगळं तेच बघायचे, मला काही बघावं लागत नाही याचा उलट मी तोरा मिरवायचे. फोन लॉक, ओटीपी त्याच फोनवर. दोन एफडी फक्त त्यांच्या नावावर, नॉमिनीचा रकाना कोरा. बँकेतला माणूस वाईट नव्हता, पण कोर्टाचा वारस दाखला लागेल म्हणाला, तो मिळायला चौदा महिने. आमचं एक जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' होतं, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात, त्यातले 11 हजार, तेवढेच लगेच हातात आले. फोन शेवटी मुलीने उघडला. तिच्याच वाढदिवसाची तारीख होती, उलटी.

*

धागा मीच काढलेला. वरचं वाचून रात्री फाईल काढली. पीएफला नॉमिनी आई, 2009 ला नोकरी लागली तेव्हा लिहिलेलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बायकोला सांगितलं तर म्हणाली, माझ्या पीएफला अजून बाबा आहेत. आता ऑनलाइन बदलायला बसलोय, तिचा फोटो लागतोय, आणि पासपोर्ट साइजचा सापडला तो लग्नाआधीचा, स्थळं बघताना काढलेला.