गच्चीवरचा वाचन कट्टा : ‘द इंग्लिश टीचर’

बी-२०२ वहिनी : रविवारी कट्टा सायंकाळी ७ ला. ऊन फार तापून राहिलं म्हणून वेळ पुढे घेतली. पुस्तक ठरलेलंच, आर. के. नारायण यांचं ‘द इंग्लिश टीचर’. ज्यांचं वाचून झालं त्यांनी इथे लिहा, बाकीच्यांना हुरूप येईल.

ए-१०४ सर : अर्ध्यावर आलो. सुरुवातीचा संसार काय सुरेख लिहिलाय! पण बायको गेल्यावर हे काय सुरू झालं? कोण एक माणूस पेन्सिल धरून बसतो नि गेलेली बायको त्याच्या हातून लिहून राहिली. मालगुडीवाले नारायण असे भरकटले काहून?

डी-४०१ : मी तर टीव्हीवरच्या ‘मालगुडी डेज’सारखं हलकंफुलकं असेल म्हणून हातात घेतलं. एक विचारू का, रागावू नका कोणी. हे पुस्तक आत्ता घ्यायलाच पाहिजे का? आपल्या इथे काही घरं आहेत, त्यांना वाचून त्रास होईल.

बी-२०२ वहिनी : सी-३०१ काकूंनीच सुचवलं आहे.

सी-३०१ काकू : हो, मीच. आणि ‘काही घरं’ म्हणजे माझंही घर, तेव्हा थोडं लांबवर लिहिते.

सर, ते भरकटले नाहीत. हे त्यांच्यावर आलेलं आहे. कोइम्बतूरला बहिणीकडे गेले असताना रस्त्यावरच्या नळावर पाणी भरणारी राजम त्यांना दिसली, तिच्याशीच लग्न केलं. लग्नाला सहा वर्षंही झाली नव्हती, १९३९ मध्ये ती टायफॉइडने गेली. मुलगी हेमा तीन वर्षांची. १९३५, १९३७, १९३८ अशा त्यांच्या लागोपाठ तीन कादंबऱ्या आल्या होत्या. चौथी, म्हणजे ही, आली थेट १९४५ मध्ये. मधल्या काळात कथा लिहिल्या, १९४१ मध्ये स्वतःचं नियतकालिक काढलं, ते काही चाललं नाही. पण कादंबरी नाही. ही सात वर्षं मला या पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटतात. घरात लहान लेकरू, हातात लेखणी, आणि लिहायचं काय?

मग जे लिहिलं ते तेच. आत्मचरित्रात त्यांनी स्पष्ट सांगितलंय की यात काल्पनिक फार थोडं आहे. तुमची तक्रार तेव्हाच्या वाचकांचीही होती, तेही त्यांनी लिहून ठेवलंय. पेन्सिल धरून बसायच्या त्या बैठकी त्यांनी स्वतः मद्रासला केल्या होत्या, एका वकिलाबरोबर. खरं-खोटं मला ठरवायचं नाही. ज्याचं माणूस असं मध्येच उठून जातं, तो कुठल्या दाराशी कान लावेल हे बाहेरच्याने सांगू नये.

त्या घर पाहायला जाण्याच्या प्रसंगावर मी दोन दिवस अडकले होते. कादंबरीतले नवरा-बायको, कृष्णन् आणि सुशीला, हौसेने नवं घर पाहायला जातात. सुशीला मागच्या संडासात जाते, दार अडकतं, आत सगळी घाण. बाहेर येते ती शहारलेली. नंतर अंथरूणच धरते. कृष्णन् तापाचा तक्ता घेऊन बसतो. आज किती, काल किती, थोडा उतरला की जीव भांड्यात. सर, तशी वही माझ्याकडे आहे. एप्रिल २०२१. दर दोन तासांनी ऑक्सिमीटरचा आकडा. ९४, ९४, ९३, मग एकदा ९५, त्याच्याभोवती मी पेनाने गोल केलाय. शेवटची चार पानं कोरी. ती वही कोणालाच दाखवली नव्हती. मुलांनाही नाही. या पुस्तकातला तक्ता वाचला आणि वाटलं, हे सगळं कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय.

आणि ते घड्याळ! मनाला येईल तेव्हा वाजणारं गजराचं घड्याळ सुशीला रद्दीबरोबर विकून टाकते नि त्यावरून त्यांचं भांडण होतं. आमच्याकडे ते घड्याळ म्हणजे कूलर. दर मार्चात ह्यांनी तो उतरवायचा, खस बदलायची, पंप तपासायचा, आणि मी म्हणायचं की विका एकदाचा, एसी लावू. त्या वर्षीही ह्यांनीच लावला होता. नंतर दोन उन्हाळे मी त्याला हात लावला नाही. नागपूरचा मे महिना पंख्यावर काढला. लोक घरी येऊन सांगायचे, ताई, आता सावरा, मन रमवा, नव्याने सुरुवात करा. चांगल्या मनानेच सांगायचे, पण ते गेल्यावर मी दार लावून रडायची. तिसऱ्या वर्षी खस मीच आणली, मीच बसवली. वाकडी बसली. पाणी भरून सुरू केला तेव्हा ओल्या खसचा वास घरभर पसरला, आणि मी ह्यांना मोठ्याने सांगितलं, पाहा, लागला. म्हणून त्या पेन्सिलीला मी हसू शकत नाही.

कृष्णन् पुढे काय करतो हे सरांसाठी सांगत नाही. एवढंच, की दुसरं लग्न नाही. नारायण यांनीही केलं नाही. लेकीला वाढवलं. कितीतरी वर्षांनी राज्यसभेवर नेमले गेले तेव्हा त्यांचं पहिलं भाषण कशावर होतं माहीत आहे? लहान मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर. पुस्तकाचा शेवट वाचाल तेव्हा हे भाषण आठवा.

ए-१०४ सर : काकू, माझं चुकलं. पेन्सिलीपाशी थांबलो होतो, आज रात्री पुढे जातो.

डी-४०१ : काकू, मी उगाच बोललो. आत्ता वाचलं, ती हेमाही १९९४ मध्ये गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत. नारायण २००१ पर्यंत होते.

सी-३०१ काकू : हो रे. उगाच नाही बोललास, तुला काळजी वाटली ना.

बी-२०२ वहिनी : रविवारी चहा-पोहे माझ्याकडे. तर्री वेगळी ठेवते. आणि काकू, पुढच्या मार्चात खस बसवताना आवाज द्या, दोघी मिळून बसवू.

सी-३०१ काकू : देते.

डी-१०२ : काकू, नमस्कार. ग्रुपवर बरेच महिन्यांनी लिहून राहिलो. रविवारी वर येणं मला जमणार नाही, अजून चारचौघांत बसवत नाही. पण तुमचं वाचून झालं असेल तर पुस्तक मिळेल का?

सी-३०१ काकू : मिळेल भाऊ. बर्डीवरून घेतलेली जुनी प्रत आहे, पानं सुटतात, सांभाळून उघडा. परत करायची घाई नाही. सकाळी दुधाच्या वेळेला पिशवीत घालून तुमच्या दाराच्या कडीला अडकवते. बेल वाजवणार नाही.