मदत हवी आहे: कॅरॅव्हॅनचं कपलिंग, सेफ्टी चेन आणि शॅकल (ऑस्ट्रेलिया)

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नला असतो. नुकतीच एक सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतली आहे. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आईबाबा सांगलीहून आलेले असतील, तेव्हा त्यांना, बायकोला आणि लेकीला घेऊन साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेसला, विल्पेना पाउंडपर्यंत जायचा बेत आहे. गाडी टोयोटा प्राडो १५०, डिझेल ऑटोमॅटिक. ओढण्याची क्षमता ३००० किलो, टोबॉलवरचा (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हॅन अडकवतात त्यावरचा) भार जास्तीत जास्त ३०० किलो. कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर एटीएम २४०० किलो लिहिलंय, म्हणजे सगळं सामान भरून तिचं वजन याच्या वर जाता कामा नये. टोबॉलवर साधारण २४० किलो येतील.

कागदावर सगळं बसतंय. माझी काळजी आहे ती गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्या मधल्या हातभर जागेची. टो बार (गाडीला मागे लावलेला ओढण्याचा दांडा) ३ टनांचा आहे, पण त्याच्या पुढे बॉल, कपलिंग (बॉलवर बसणारं कॅरॅव्हॅनचं तोंड), कपलिंग निसटलं तर धरून ठेवणारी चेन, ती गाडीला अडकवणारं शॅकल अशी ओळच आहे, आणि त्यातला सर्वांत कमजोर भाग जेवढा पेलेल तेवढीच सगळ्याची ताकद. आमच्याकडे उसाची ट्रॉली एका पिनेवर साखर कारखान्यापर्यंत जाते, ते बघत मी मोठा झालो. पण ती ट्रॅक्टरच्या वेगाने जाते. इथे ताशी १०० किलोमीटरच्या रस्त्यावर, समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) येत असताना, मागच्या सीटवर माणसं बसलेली असणार.

आधीच्या मालकाने लावलेल्या शॅकलवर कसलाही ठसा नाही. चेनवर काहीतरी कोरलंय, पण गंजामुळे वाचता येत नाही. बॉल चकचकीत आहे, पण किती झिजलाय कसं कळणार? दुकानदार म्हणाला, "सगळं बदला आणि ऑफरोड कपलिंग बसवा." ऑनलाइन तेच सामान निम्म्या किमतीत दिसतं, आणि तिथेच मला धास्ती वाटते.

तर विचारायचं असं: कोणता भाग आंधळेपणाने बदलावा आणि कोणता तपासून ठेवला तरी चालेल? क्रूझमास्टरच्या डीओ३५ सारखं ऑफरोड कपलिंग या प्रवासाला खरंच लागतं का? आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बॉलवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटून देणारी जोडणी) घ्यावी की नको? ज्यांनी स्वतः ओढलंय त्यांच्याकडून ऐकायला फार आवडेल.

प्रतिसाद

दादा, ठसा नसलेले शॅकल आजच काढून टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. नवीन घेताना त्यावर डब्ल्यूएलएल (किती भार सुरक्षितपणे पेलेल तो आकडा) आणि ग्रेड एस (पोलादाचा दर्जा) असा ठसा हवा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. २४०० किलोच्या कॅरॅव्हॅनला अडीच टनांचं शॅकल शोधतात, ते चेनच्या कडीत शिरतच नाही, मग कोणीतरी ड्रिलने भोक मोठं करतं आणि चेनच कमजोर होते. ग्रेड एसमध्ये सुरक्षिततेचा गुणक ६ असतो. म्हणजे १ टन लिहिलेलं शॅकल ६ टनांच्या आसपास तुटतं. तुमच्या वजनाला ते पुरेसं आहे.

चेनवर ४१७७ हा आकडा शोधा, तो ऑस्ट्रेलियन स्टँडर्डचा. त्यापुढचे दोन आकडे क्षमता सांगतात: २५ म्हणजे २५०० किलो, ३५ म्हणजे ३५००. तारेच्या ब्रशने गंज घासून पाहा. तरीही वाचता आलं नाही तर चेन बदला, आणि वेल्डिंगचं काम जाणत्याकडूनच करून घ्या. अडीच टनांपर्यंत कायद्याने एक चेन चालते, पण मी दोन लावल्या आहेत आणि कपलिंगखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेतो. कपलिंग निसटलंच तर ड्रॉबारचं (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याचं) नाक रस्त्यात रुतण्याआधी त्या झेलतात.

बॉलवर ५० आणि ३.५ टन असं कोरलेलं हवं. व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजा, ४९ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर बाद. ऑनलाइन घेताना जपा: अमेरिकी दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा असतो, त्यावर आपलं कपलिंग नीट बसत नाही. उलट इथले जुने पावणेदोन इंचांहून थोडे मोठे बॉल ४७.६ चे असायचे. त्यावर कपलिंग बसल्यासारखं वाटतं आणि खड्ड्यात उडतं.

प्रतिसाद

आईबाबांना घेऊन निघताय, वाचून छान वाटलं. मला मात्र कपलिंगपेक्षा प्राडोची काळजी वाटते. टोबॉलवरचा भार गाडीच्या स्वतःच्या वजनात धरला जातो. प्राडोचं जीव्हीएम (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) २९९०, रिकामी गाडीच २३०० च्या वर. पाच माणसं ३५० धरा, बॉलवर २४०. झाले ५९०. पुढे बुलबार असेल तर सामानाला जागाच उरत नाही. बॅगा कॅरॅव्हॅनमध्ये एक्सलच्या वर ठेवा, मागच्या टोकाला नको. मागे वजन गेलं की बॉलवरचा भार कमी होतो आणि कॅरॅव्हॅन डोलायला लागते. निघण्याआधी सगळं भरून, माणसांसकट वे-ब्रिजवर जाऊन या.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आधी घेऊ नका. कॅरॅव्हॅन जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजा. पुढची बाजू बरीच उचलली गेली, तरच तिचा उपयोग. तिने ३०० ची मर्यादा वाढत नाही, हे दुकानात सांगत नाहीत.

डीओ३५ उत्तम आहे, पण हॉकर गावापासून विल्पेनापर्यंत डांबरी रस्ता आहे. कॅरॅव्हॅन तिथल्या कॅम्पग्राउंडवर ठेवा आणि ब्राचिना गॉर्जला नुसती गाडी न्या. तेच पैसे चांगल्या ब्रेक कंट्रोलरवर (गाडीतून कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावणाऱ्या यंत्रावर) घाला. कॅरॅव्हॅन डोलू लागली की गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो, अॅक्सिलरेटर सोडून कंट्रोलरने हाताने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे. ते बटण डोळे न वळवता सापडलं पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चेन घासली, ४१७७-२५ वाचता आलं, कड्याही शाबूत आहेत. एकच चेन आहे, दुसरी बसवून घेतोय. शॅकल बदलले. बॉल ४९.६ भरला, पण नवीनच घेतो, आईबाबा मागे बसणार असताना तेवढा खर्च मला जड नाही. ऑफरोड कपलिंग या खेपेला नाही. बुलबार आहेच, त्यामुळे वजनाचं गणित नव्याने मांडतोय. कदाचित लेक आणि बायको अॅडलेडपर्यंत रेल्वेने येतील.

आता एकच राहिलं. बॉलवरचं वजन वजा जाता चाकांवर २१६० किलो उरतात, म्हणजे २००० च्या वर, तेव्हा ब्रेकअवे (कॅरॅव्हॅन सुटली की तिच्या बॅटरीवर आपोआप तिचे ब्रेक लावणारी यंत्रणा) सक्तीचा आहे आणि कॅरॅव्हॅन सुटली तर ब्रेक निदान १५ मिनिटं धरून राहायला हवेत. गाडीचा प्लग काढून पिन ओढली, ब्रेक लागले, पण थोड्याच वेळात ढिले पडले. बॅटरी किती जुनी आहे ते आधीच्या मालकालाही आठवत नाही. नुसती बॅटरी बदलून भागेल, की चार्जिंगची वायरही तपासून घ्यावी? मेलबर्नच्या पश्चिमेला हे काम नीट करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि करा.