‘मा रोझा’ : २ लाखांचे ५० हजार कसे झाले? (कथानक फोडलं आहे)

तिसरी घंटा
ब्रिलान्ते मेन्दोसाचा ‘मा रोझा’ (२०१६) हा फिलिपिन्समधला सिनेमा पाहिला. मनिलात छोटं दुकान चालवत आडून शाबू (मेथ, एक अमली पदार्थ) विकणाऱ्या रोझा आणि नेस्तोर या नवरा-बायकोला पोलीस पकडतात. तीन ठिकाणी अडलंय. सोडायचे म्हणून पोलीस आधी २ लाख पेसो मागतात, त्यांची मुलं मात्र ५० हजारांसाठी वणवण करतात. मधले गेले कुठे? रोझा आणि नेस्तोरला कोठडीत न टाकता ठाण्याच्या मागच्या खोलीत का बसवतात? आणि सरळ कोर्टातून जामीन घेणं स्वस्त पडलं नसतं का?

पानसुपारी
२ लाख हा घासाघिशीचा पहिला आकडा. एवढे या घरात नाहीत, हे पोलिसांनाही दिसतंय. मग दुसरा पर्याय पुढे येतो: माल कोण देतो ते सांगा. ते जोमारला पकडून देतात. आता मोठी वसुली जोमारकडून, आणि तिथे पडलेली तूट, म्हणजे ५० हजार, पुन्हा रोझाच्याच माथी. तिकडे याला ‘पालित-उलो’ म्हणतात, डोक्याच्या बदल्यात डोकं. नाव सांगून सुटका झालीच नाही, फक्त भाव उतरला.

मनिलात तेव्हा किमान मजुरी दिवसाला ५०० पेसोंच्या आतच होती. म्हणजे पोटाला चिमटा नव्हे, पोट बांधूनच ठेवलं तरी शंभराहून जास्त दिवसांची कमाई. म्हणून मुलांपैकी जॅक्सन घरातला टीव्ही विकायला काढतो, राकेल नातेवाइकांचे उंबरे झिजवते आणि एर्विन अंग विकतो.

(अवांतर: तिथल्या गल्लीबोळातल्या सावकारीला ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात. ५ घ्या, ६ परत करा. या धंद्यात भारतीय, विशेषतः पंजाबी सावकार इतके की त्यांना सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात. शब्द आपल्या मुंबईवरूनच गेलेला.)

काळा कोट
खोलीचं उत्तर कागदात आहे. अटक होताच कायद्याचं घड्याळ सुरू होतं, आणि नोंद झाली की ते लपवता येत नाही: गंभीर गुन्ह्यात ३६ तासांच्या आत प्रकरण पुढे पाठवावं लागतं. शिवाय अमली पदार्थांच्या २००२ च्या कायद्यातलं कलम २१ सांगतं की जप्त मालाची लगेच मोजदाद करा, फोटो काढा, तेही आरोपीसमोर. २०१४ च्या दुरुस्तीनंतर साक्षीला एक लोकप्रतिनिधी आणि सरकारी वकिलांचा किंवा माध्यमांचा माणूस हवा. एवढे डोळे आले की सौदा संपला. म्हणून मागची खोली. न लिहिलेली अटक हाच तिथला विकाऊ माल.

जामिनाचं म्हणाल तर शाबूची विक्री, मग ती एका पुडीची का असेना, म्हणजे जन्मठेप आणि ५ लाख ते १ कोटी पेसो दंड. अशा गुन्ह्यात पुरावा भक्कम ठरला तर जामीन मिळत नाही. हलका गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची वाटही बंद होती. ती मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. किमान दंडाच्या एक दशांशात पोलीस सोडतायत म्हटल्यावर कोर्टाची पायरी कोण चढेल?

तिसरी घंटा
आता डोक्यात प्रकाश पडला. शेवटच्या प्रसंगात त्या विक्रीच्या गाडीपाशी रोझा नेमकं काय बघते?

सुटे पैसे
त्यासाठी पहिला प्रसंग आठवा. सुपरमार्केटात सुटे नाहीत म्हणून गोळ्या हातावर ठेवतात (आपल्याकडच्या चॉकलेटांसारख्याच) आणि रोझा आपली चिल्लर मागते. तिचं दुकान ‘सारी-सारी’, म्हणजे गल्लीतलं किराणा दुकान, आणि तिथली विक्री ‘तिंगी’, म्हणजे सुटी: एक सिगरेट, शाम्पूची एक पुडी. शाबूही तसाच, चिमूटभर.

ठाण्यातला भाग लांबतो अशी तक्रार असते. मला तो लांबलाय तेच बरोबर वाटतं. खांद्यावरचा कॅमेरा मानेला चिकटून फिरतो, त्यामुळे दार कुठे आहे हे आपल्यालाही कळेनासं होतं.

मुलांनी एवढं करूनही पैसे कमी पडतात, तेव्हा मोबाइल गहाण टाकायला रोझाला एकटीला सोडतात. पैसे हातात आल्यावर ती काडीला टोचलेले माशाचे गोळे खात उभी राहते. समोर एक कुटुंब आपली विक्रीची गाडी आवरतंय. चावता चावता तिचे डोळे भरतात, बस. रोझा झालेल्या जॅकलिन होसेला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान या भूमिकेसाठी मिळाला. राकेल झालेली अँडी आयगेनमन तिची खरी मुलगी.

आणि हा ड्रग्जविरोधी मोहिमेसाठी गाजलेल्या राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेच्या राजवटीवरचा सिनेमा नव्हे. तो निवडून आला मे २०१६ मध्ये, आणि सिनेमा त्याच महिन्यात कानला दाखवला गेला.