टिपिकल फ्लटर: आधी गोळ्या की थेट अ‍ॅब्लेशन?

ईपी_कर्वेनगर
टिपिकल एट्रियल फ्लटरचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या ठोक्यांच्या एका बिघाडाचा) रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्यांवर ठेवायचा आणि अगदीच भागेना तेव्हा ईपीकडे (हृदयाच्या विजेच्या तज्ज्ञाकडे) अ‍ॅब्लेशनसाठी, म्हणजे बिघाडाची वाट जाळून बंद करायला, पाठवायचा, ही पुण्यातली पद्धत बदलायला हवी. यात विजेची लाट उजव्या कर्णिकेत ट्रायकस्पिड झडपेभोवती मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या मारते. एव्ही नोड (कर्णिकेतून खालच्या कप्प्यांकडे वीज सोडणारं दार) त्यातली एकाआड एक खाली सोडतो, म्हणून नाडी १५० वर अडकते. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम अशी ठोके कमी करणारी औषधं देऊन ही गती आवरणं एएफपेक्षा (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची अनियमित थरथर) कितीतरी अवघड. डोस वाढवत नेला की बीपी पडतं, आणि तसंच धावू दिलं तर काही आठवड्यांत पंपिंग घटू लागतं. उलट, झडप आणि खालची महाशीर यांच्यामधल्या इस्थमसमधून, म्हणजे अरुंद पट्टीतून, या लाटेला जावंच लागतं. तिथे सलग रेघ जाळली की वाट बंद. यश ९० टक्क्यांच्या वर आहे. मग वाट कशाची पाहायची?

फिजिशियन_हडपसर
सर, पहिल्याच झटक्याला कॅथलॅब हे मला पटत नाही. न्यूमोनिया, थायरॉइड वाढलेला, नुकतीच झालेली बायपास, यांत येणारा फ्लटर मूळ कारण आवरलं की बरेचदा परतत नाही. आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. ४८ तासांच्या आतला असेल किंवा टीईईमध्ये (अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये) गुठळी नसेल, तर ५० ते १०० ज्यूलच्या सिंक्रोनाइज्ड (ठोक्याशी जुळवलेल्या) शॉकने बहुतेक फ्लटर सुटतो. नंतर किमान ४ आठवडे रक्त पातळ करणारी गोळी.

शिवाय निदान तरी नीट होतं का? १५० ची नियमित नाडी ‘सायनस टॅकी’ (नेहमीच्याच ठोक्यांचा वाढलेला वेग) किंवा ‘पीएसव्हीटी’ (अचानक सुरू होणारी वेगळी धडधड) म्हणून खपते, कारण एकाआड एक फ्लटर लाट ईसीजीवरच्या क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) आणि टी लाटेत दडते. दमा नाही ना ते पाहून एव्ही नोड काही क्षण अडवणारं अ‍ॅडेनोसिन ६, मग १२ मिग्रॅ द्या आणि त्या वेळी ईसीजीची पट्टी चालू ठेवा. झटका थांबणार नाही, पण काही सेकंद क्यूआरएस गळतात आणि ईसीजीच्या लीड २, ३, एव्हीएफमध्ये करवतीचे दाते उघडे पडतात. पट्टी न काढता अ‍ॅडेनोसिन देणं म्हणजे औषध वाया.

ईपी_कर्वेनगर
तात्पुरत्या कारणाचा मुद्दा मान्य. पण गोळ्या म्हणजे सौम्य उपाय, हे गृहीतक धोक्याचं आहे. फ्लेकेनाइड हे ठोक्यांची लय सुधारणारं औषध एकटं दिलं की फेरी मंदावून ३०० ची २०० होते, आणि २०० एव्ही नोडला सगळ्याच झेपतात. १५० ची नाडी थेट २०० वर, क्यूआरएस रुंद, कॅज्युअल्टीत सगळे व्हीटी (खालच्या कप्प्यांतून येणारी जीवघेणी धडधड) समजून धावतात. सोबत एव्ही नोड दाबणारं औषध नसेल तर फ्लेकेनाइड लिहूच नये. अमिओडॅरोन हे तसंच दुसरं औषध वर्षानुवर्षं चालवलं तर थायरॉइड आणि फुप्फुसं सांभाळत बसा.

कॅथलॅब_तंत्रज्ञ
सर, ९० टक्के हा आकडा ब्लॉक, म्हणजे रेघेने वाट खरंच बंद झाली का हे, नीट तपासला तरच खरा. जाळताना फ्लटर थांबला म्हणजे रेघ पूर्ण झाली असं नसतं.

आधी इस्थमसवरून एन्ट्रेन करून (पेसिंगने, म्हणजे बाहेरून थोड्या जास्त वेगाने विजेचे ठोके देऊन, फ्लटरला ताब्यात घेऊन) पाहावं. पेसिंग थांबल्यावरचा पहिला परतीचा ठोका आणि टॅकीकार्डियाची सायकल (एका फेरीचा वेळ) यांत ३० मिलिसेकंदांपेक्षा कमी फरक असेल तरच इस्थमस सर्किटमध्ये आहे. एएसडीची (कर्णिकांमधल्या पडद्यातल्या छिद्राची) शस्त्रक्रिया झालेल्यांत लाट जुन्या टाक्याच्या व्रणाभोवतीही फिरते. तिथे थ्रीडी मॅपिंग (विजेच्या वाटेचा संगणकी नकाशा) लागतं. साध्या टिपिकलला ते न लावताही काम होतं आणि रुग्णाचा बराच खर्च वाचतो.

रेघ झाल्यावर कोरोनरी सायनसमधून (रेघेच्या आतल्या बाजूला उघडणाऱ्या हृदयाच्या शिरेतून) पेस करा: हॅलो कॅथेटरवर (उजव्या कर्णिकेत गोल बसवलेल्या तारेवर) बाजूची भिंत वरून खाली जागी झाली पाहिजे. मग बाजूच्या भिंतीच्या खालच्या भागातून पेस करा. पेसिंगची जागा रेघेपासून दूर नेल्यावर पलीकडे पोचायचा वेळ कमी झाला तर ब्लॉक खरा, वाढला तर कुठेतरी फट आहे. रेघेवरच्या दुहेरी पोटेन्शियलमध्ये (रेघेच्या दोन बाजूंच्या विजेच्या दोन खुणांमध्ये) ११० मिलिसेकंद किंवा जास्त अंतर हवं, ९० च्या आत असेल तर फट नक्की. आणि २० ते ३० मिनिटं थांबून पुन्हा तपासा. सूज ओसरली की वाट परत उघडते. हे थांबणं घाईत सर्वांत आधी वगळलं जातं, आणि तोच रुग्ण परत टेबलावर येतो.

फट बहुधा युस्टेशियन कडेच्या (महाशीरेच्या तोंडाजवळच्या उंचवट्याच्या) जाड भागात किंवा इस्थमसच्या खोलगट खळीत राहते. तिथे वॉट वाढवण्यापेक्षा लांब शीथ (कॅथेटरला आधार देणारी नळी) घेऊन टोकाचा स्पर्श सुधारावा. पल्स्ड फील्ड (उष्णतेऐवजी विजेचे झटके) वापरणार असाल तर उजवी कोरोनरी धमनी जवळ आहे, ती आकसते. ती सैल करणारं नायट्रोग्लिसरीन आधीच तयार ठेवा.

ईपी_औंध
मी तर एक पाऊल पुढे जातो. टेबलावर घेतलाच आहे तर फुप्फुसशिराही त्याच बैठकीत विजेपुरत्या वेगळ्या करा. हायसागेर यांच्या बोर्दोच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की एएफच्या ४५ रुग्णांत तो पेटवणाऱ्या ६९ पैकी ६५ ठिणग्या फुप्फुसशिरांतून येतात. फ्लटर आज आहे, एएफ उद्या येणार.

ईपी_कर्वेनगर
उद्याच्या आजारासाठी आज सेप्टम (दोन कर्णिकांमधला पडदा) भोसकायचा? एसीटी (रक्त गोठायचा वेळ) ३०० सेकंदांच्या वर ठेवून डाव्या कर्णिकेत जायचं, टॅम्पोनाडचा (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जाण्याचा) शेकड्यात एकाच्या आसपासचा धोका, फ्रेनिक नर्व्हला (श्वासपटलाच्या नसेला) इजा, आणि जाळलं तर क्वचित का होईना अन्ननलिकेला भगदाड, जे काही आठवड्यांनी तापाने कळतं आणि बहुधा जीवच घेतं. ईसीजीवर किंवा होल्टरवर (अंगावर बांधून सतत घेतलेल्या ईसीजीवर) एएफ दिसला असेल तर जरूर करा. नुसत्या अंदाजावर नाही.

ईपी_औंध
होल्टर २४ तासांचा लावायचा आणि एएफ नाही म्हणायचं, हेही बरोबर नाही. ७ किंवा १४ दिवसांचा लावा, मग बोलू.

फिजिशियन_हडपसर
तुमच्या या वादात माझी खरी काळजी राहूनच जाते. फ्लटर गेला, नाडी नियमित झाली, की रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी सोडतो. पुढच्या काही वर्षांत यांतल्या बऱ्याच जणांना एएफ होतो आणि पहिली खबर पक्षाघाताने लागते. गोळी पक्षाघाताचा धोका मोजणाऱ्या चॅड्स-व्हॅस्क स्कोअरवर चालू ठेवायची, नाडीवर नाही. आणि जुन्नर-भोरकडून येणाऱ्यांत रुमॅटिक तापाने आकसलेली मायट्रल झडप अजून सापडते. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा एएफ रुग्णांत रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिन गटातल्यांचा निकाल चांगला आला. त्यांना नवी गोळी लिहून ‘आयएनआरची कटकट गेली’ (आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालं त्याची तपासणी) म्हणू नका. तालुक्याच्या लॅबमध्ये महिन्याला आयएनआर, २ ते ३ मध्ये.

ईपी_कर्वेनगर
मॅडम, हे शंभर टक्के मान्य. डिस्चार्ज कार्डावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवं: ‘ठोके नियमित झाले तरी ही गोळी स्वतःहून बंद करू नये.’ पण दुसऱ्या झटक्यानंतरही गोळ्यांवर थांबायचं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

फिजिशियन_हडपसर
दुसऱ्या झटक्यानंतर मीही पाठवतेच. वाद पहिल्याचा आहे.