पांडा आहे, चांदी आहे, पण दर्शनी किंमतच नाही!

चिंचवडकर: सध्या मुक्काम सिंगापूर. इथल्या नाणे-प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे दोन पांडे (पांड्याचं चित्र असलेले चिनी नग) शेजारी शेजारी मांडलेले दिसले. दोन्ही चांदीचे, 1 औंसाचे. एकावर 10 युआन, मागे बीजिंगचं स्वर्गमंदिर. दुसऱ्यावर प्रदर्शनाचं नाव आणि साल, किंमत कुठेच नाही. आणि गडी नेमके त्याचेच दुप्पट मागतोय! टांकसाळ चिनी सरकारचीच, म्हणतो. गंडवतोय का?

टांकसाळकर: तेवढ्यावरून गंडवतोय असं नाही. ते नाणं नव्हे, पदक आहे. चीनमध्ये नाणं काढणार पीपल्स बँक, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक. तिच्या पांड्यावर सात चिनी अक्षरांत देशाचं नाव असतं आणि दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर कोरलेली किंमतही (1982 च्या पहिल्या सोन्याच्या पांड्यांवर मात्र ती नव्हती). पण शांघाय, शेनयांगच्या टांकसाळी हाँगकाँग, म्युनिक, सिंगापूर अशा प्रदर्शनांसाठी पदकंही पाडतात. नग मोजकेच, म्हणून भाव चढा. त्यात बीजिंगच्या प्रदर्शनासाठी बँक स्वतः दर्शनी किंमत असलेली नाणी काढते, म्हणजे घोळात घोळ.

मला विचाराल तर पदकंच आवडतात. नाण्याच्या मागे दरवर्षी तेच मंदिर, पदकावर कारागिराला मोकळं रान. मात्र विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक शोधताना नाकी नऊ येतात. पेटी आणि प्रमाणपत्राशिवाय हात लावू नका.

सोनचाफा: खोटे पांडेही ढिगाने फिरतात म्हणे. चुंबक लावून कळेल?

टांकसाळकर: नाही हो, तांब्यालाही चुंबक चिकटत नाही. ग्लासभर पाणी दागिन्यांच्या काट्यावर ठेवा, काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने अधांतरी बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 1 औंसाची, म्हणजे 31.1 ग्रॅमची शुद्ध चांदी असेल तर काटा 2.96 ग्रॅमच्या आसपास थांबतो. मुलामा दिलेलं तांबं साडेतीनकडे पळतं. 2016 पासूनचे पांडे 30 ग्रॅमचे, त्यांना 2.86 धरा. पण आरशासारखा प्रूफ नग कॅप्सूलमधून काढून हे उद्योग करू नका. एक डाग पडला की भाव गडगडला.

चिंचवडकर: आजच परत जाऊन प्रमाणपत्र मागितलं. म्हणाला, घरी राहिलंय.

टांकसाळकर: मग पदकही त्याच्याच घरी राहू द्या.